पाळणाघरात एका मुलाने दुसरीला चावलं, आईवडिलांना नेमकं किती सांगायचं?

डोंबिवलीची_मावशी:
नमस्कार. मी डोंबिवली पूर्वेला घरीच पाळणाघर चालवते, सहा मुलं आहेत, सगळ्यात लहान दहा महिन्यांचं आणि मोठी चार वर्षांची. सोमवारी दुपारी खेळण्यावरून ओढाताण झाली आणि दोन वर्षांच्या एका मुलाने दीड वर्षाच्या मुलीच्या दंडाला चावलं, रक्त नाही आलं पण दातांचे वण चांगलेच उमटले. मी साबणाने धुतलं, गार पाण्याची घडी ठेवली आणि लगेच तिच्या आईला फोन केला. संध्याकाळी न्यायला आली तेव्हा तिचा एकच धोशा, कोणी चावलं ते नाव सांगा. मी नाही सांगितलं. रात्री तिने पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दंडाचा फोटो टाकून विचारलं हे कोणाच्या मुलाने केलं म्हणून. ज्याने चावलं त्याच्या आईला मी सांगितलंच होतं, ती बिचारी ग्रुपवर काय बोलावं कळत नाही म्हणून गप्प आहे, आणि बाकीच्या आया मला पर्सनलवर विचारतायत. त्यात एका बाबांचं म्हणणं, दर तासाला फोटो टाकत जा. तासातासाला फोटो काढत बसले तर मुलांकडे बघणार कोण? मला लपवायचं काहीच नाहीये, पण कोणाला काय सांगायचं याची तुम्ही काय पद्धत ठेवता?

कोथरूडची_काकू:
नाव सांगितलं नाहीस ते अगदी बरोबर केलंस, यावर ठाम राहा. या वयात नीट बोलता येत नसतं, दात शिवशिवत असतात, हातातलं ओढलं की तोंड पुढे जातं, बहुतेक पोरं यातून जातात. पण नाव फुटलं की ते पोर सोसायटीभर चावरं म्हणून होतं आणि तो शिक्का लवकर पुसत नाही. ज्याच्या मुलाचं त्याला सगळं सांगायचं, दुसऱ्याच्या मुलाचं काहीच नाही, मी इतकी वर्षं हेच पाळलंय.
मुलीच्या आईला मात्र नाव सोडून सगळं सांग. किती वाजता, कशावरून, तू तेव्हा कुठे होतीस, काय केलंस, आणि उद्यापासून काय बदलणार आहेस. हे शेवटचं सांगायचं राहून जातं आणि आईला खरं तर तेच हवं असतं. सारखी दोन खेळणी ठेवेन, काही दिवस दोघांच्या मध्ये मी बसेन, असं ठोस सांग.
ग्रुपवर फक्त सुट्ट्या आणि फीचे निरोप ठेव, आणि सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं करून टाक. बाकी प्रत्येक मुलाची वेगळी वही घाल, रोज बॅगेतून घरी जाते, सकाळी परत येते. माझ्या वहीतलं एक पान असं असतं: वरणभात अर्धी वाटी, गाजर थुंकलं. १२.४० ते २.१० झोप. शी एकदा, जरा पातळ. गॅलरीत कावळा दिसला तर स्वतःहून हात हलवला. एवढं लिहायला दोन मिनिटं लागतात आणि फोटो मागणं आपोआप कमी होतं. पहिलं पाऊल टाकलं वगैरे मात्र मी लिहीत नाही, ते आईला घरी बघू दे.

ठाण्याची_आई:
काकू, बाकी सगळं पटलं पण पहिलं पाऊल टाकलं तर मला सांगाच. प्रत्येक आईचं वेगळं असेल, तेव्हा ॲडमिशनच्या वेळीच विचारून ठेवा. आणि मावशी, एक कळकळीची विनंती, नुसतं ‘फोन करा’ असा मेसेज कधी पाठवू नका. लोकलमध्ये रेंज नसताना तो वाचला की जीव खालीवर होतो. पहिल्याच ओळीत ‘बाळ ठीक आहे’ लिहा, मग काय झालं ते.

बालविभाग_नर्स:
मी मुलांच्या ओपीडीत नर्स आहे, मला दुसरी बाजू मांडायचीय. माहिती पालकांकडूनही यायला हवी आणि तिथेच खरा घोळ होतो. सकाळी ताप असतो, सुट्टी मिळत नाही, पॅरासिटामॉल पाजून मूल सोडतात आणि बोलत नाहीत. दुपारी औषधाचा असर उतरतो, ताप चढतो, आणि मावशींना शेवटचा डोस कधी दिला तेच माहीत नसतं. दोन डोसमध्ये निदान चार ते सहा तास हवेत.
चिठ्ठीवर ‘ताप आला तर ५ मिली’ एवढंच लिहिलेलं घेऊ नका. आपल्याकडे हे सिरप ५ मिलीत १२० मिग्रॅ आणि २५० मिग्रॅ अशा दोन्ही ताकदीत मिळतं, थेंबांच्या बाटलीत तर १ मिलीतच १०० मिग्रॅ असतं. म्हणजे तेच ५ मिली एका बाटलीतून दुप्पट आणि थेंबांच्या बाटलीतून चौपट होतं. बाटलीवरची ताकद, मुलाचं वजन, डॉक्टरांनी सांगितलेला डोस आणि सकाळी दिल्याची वेळ, हे पालकांच्या हातचं लिहिलेलं घ्या.
आधी कधी तापात झटका आला होता का, कशाची ॲलर्जी आहे का, हेही पहिल्या दिवशीच विचारा. लस दिली असेल तर तेही कळायला हवं, नाहीतर ताप लसीचा की आजाराचा समजत नाही. आणि चावल्याने कातडी फाटली असेल तर नुसतं धुऊन भागत नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला सांगा.

नाशिकचा_बाबा:
फोटोबद्दल थोडं. ग्रुपवर टाकलेल्या फोटोत मागे दुसऱ्यांची मुलंही असतात, कधी अर्ध्या कपड्यात, आणि ते पुढे कुठे जातात कोणाला कळत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं आहे. एकट्या मुलाचा फोटो त्याच्याच पालकांना, तोही आधी लेखी विचारून, एवढंच ठेवा.

डोंबिवलीची_मावशी:
खूप आभार सगळ्यांचे. ग्रुपवर आत्ताच टाकलं: ‘सोमवारच्या प्रसंगाबद्दल दोन्ही घरांशी मी बोलले आहे. कोणत्याही मुलाचं नाव मी दुसऱ्या पालकांना सांगत नाही, तुमच्या मुलाचंही सांगणार नाही. कृपया फोटो काढून टाकावा.’ फोटो निघाला. वह्या उद्या आणते. काकू, एकाला रोज आजोबा न्यायला येतात, पडलं-लागलं तर त्यांना सांगितलेलं चालेल का?

कोथरूडची_काकू:
आजोबांना सांग, जखम दाखव, पण त्याआधी आईला किंवा बाबांना फोन झालेला असू दे. आजोबा घरी जाऊन काय सांगतील याच्यावर सोडू नकोस. आणि न्यायला कोण कोण येऊ शकतं त्यांची नावं, नंबर वहीच्या पहिल्या पानावर आईकडून लिहून घे, त्यात नसलेला माणूस आला तर फोन लागल्याशिवाय मूल द्यायचं नाही, मग तो सख्खा काका का असेना.