वाईट बातमी वर पोचते का?

मोठ्या संस्था नेतृत्व चुकल्यामुळे बुडतात, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. वरच्यापर्यंत वाईट बातमी पोचतच नसेल, तर तो हुशार असून काय उपयोग?

नासाच्या चॅलेंजर या अवकाशयानाचंच घ्या. 27 जानेवारी 1986 च्या रात्री बूस्टर (यानाला वर ढकलणारी रॉकेटं) बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे इंजिनिअर नासाला फोनवर सांगत होते, थंडी फार आहे, सांध्यांतल्या रबरी ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या गोल कड्या) दगा देतील, उडवू नका. नासाचे लोक वैतागले. मग कंपनीच्या मॅनेजरांनी आपापसात बोलून शब्द फिरवला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर 73 सेकंदांत सगळं संपलं, सात जण गेले. आणि उड्डाणाला अंतिम होकार देणाऱ्या बड्या अधिकाऱ्यांना रात्रीच्या या वादाचा पत्ताच नव्हता!

चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ फाइनमननी बर्फाच्या पाण्यात रबर बुडवून दाखवलं, ते सगळ्यांना आठवतं. मला त्यांनी नोंदवलेली तफावत जास्त बोलकी वाटते: अपघाताची शक्यता इंजिनिअर शंभरात एक धरत होते, व्यवस्थापन लाखात एक. एकाच संस्थेत.

2003 मध्ये कोलंबिया या नासाच्याच यानाच्या (तेही परतताना नष्ट झालं) पंखावर उड्डाणावेळी टाकीवरचा फोम आदळला, तेव्हा इंजिनिअरांनी कक्षेतल्या यानाचे फोटो मागितले. वरून नकार आला. चॅलेंजरनंतर मधे 17 वर्षं गेली होती.