मदत हवी आहे: डकोटा विमानाच्या मॉडेलवरच्या उठावाच्या रेषा राखायच्या की कोरायच्या?

नमस्कार मंडळी,

एअरफिक्स कंपनीच्या प्लॅस्टिक किटमधला डकोटा (१:७२ प्रमाणातला, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढा) जुळवायला घेतलाय, जुन्या साच्यातला. पत्र्याच्या जोडांच्या रेषा खोदलेल्या नाहीत, सगळ्या वर उठलेल्या, आणि अंगभर रिव्हेटांचे ठिपके. भारतीय हवाई दलाच्या खुणा लावून चंदेरी रंगात करायचाय. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख पलटण श्रीनगरला उतरवली ती याच विमानांनी, त्यामुळे काम मनासारखं व्हायला हवं.

अडचण पाठीवर आहे. धडाचे दोन भाग चिकटवले की सांध पुट्टी भरून घासावी लागते, आणि सांधीलगतच्या रेषा त्यात साफ होतात. बाकी अंगावर उठाव, पाठीवर गुळगुळीत पट्टा. चंदेरी रंगाखाली तर काहीच लपत नाही.

सगळं घासून नव्याने कोरा, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. ०.२ मिमीची खाच म्हणजे खऱ्या विमानावर चौदा मिलिमीटरची फट! शिवाय डकोटाचा पत्रा बऱ्याच ठिकाणी एकावर एक चढवून रिव्हेट मारलेला असतो, म्हणजे उठाव अगदीच खोटा नाही. पंखांना तर मी हात लावणारच नाही.

म्हणून गेलेल्या रेषा परत उठवायच्या आहेत. स्प्रू (किटचे भाग ज्याला जोडून येतात ती प्लॅस्टिकची दांडी) मेणबत्तीवर तापवून ताणला, केसाएवढा धागा निघाला, टाकाऊ तुकड्यावर पातळ सिमेंटने (प्लॅस्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाने) बसवला. सरळ जागी छान बसतो, हजार नंबरच्या पॉलिश पेपरने उंचीही जुळते. पण पाठीच्या गोलाईवर सिमेंट जरा जास्त झालं की धागा विरघळून चपटा होतो. तिथे काय करता? दोन टेपांच्या मधल्या फटीत घट्ट प्रायमर भरून टेप काढायची, असाही उपाय वाचलाय. तो उंचवटा चंदेरी रंगाखाली टिकतो का?

दरवाजाची चौकट मात्र कोरावीच लागेल, ती खरोखरच फट आहे. पुट्टीवरून सुई नेली की कड ढासळते, म्हणून तिथे फेविक्विक भरणार आहे. ते किती वेळात कोरावं? फार कडक झालं तर सुई घसरेल. मिरजेला सतारमेकर गल्लीत प्लॅस्टिकच्या पट्टीवर नक्षी कोरणारे कारागीर आहेत. त्यांच्यासारखी कोरणी कुणी किटवर वापरली आहे का? सांगलीत स्क्रायबर (किटवर रेषा कोरायचं हत्यार) मिळत नाही.

आणि शेवटचं: काळा वॉश (रेषा उठून दिसाव्यात म्हणून लावायचा पाण्यासारखा पातळ रंग) उठावाच्या दोन्ही अंगांना साचून रेघ दुहेरी दिसते. त्याऐवजी टोकदार पेन्सिल फिरवली, तर वार्निशखाली पसरते का?