मुलाखतीआधी ‘आमचा प्रकल्प चालवून दाखवा’ म्हणणारा रिक्रूटर खरा की खोटा, हे कसे ओळखावे?

प्रश्न (नाशिक)

नमस्कार. मी गेली पाच वर्षे रिअ‍ॅक्ट आणि नोड या वेब-प्रोग्रॅमिंगच्या साधनांची कामे फ्रीलान्स पद्धतीने करतो. गेल्या आठवड्यात एका रिक्रूटरचा संदेश आला की, घरांची खरेदी-विक्री ब्लॉकचेनवर करणारी प्रणाली उभारायची आहे आणि तासाला ७० डॉलर मिळतील. माझा सध्याचा दर याच्या निम्म्याहूनही कमी आहे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एका गिट रिपॉझिटरीचा (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्याचा) दुवा पाठवला आणि वॉलेट (क्रिप्टो चलनाचे पाकीट) जोडण्याच्या बटणातील चूक दुरुस्त करून उद्याच्या व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवत प्रकल्प चालवायला सांगितले. रिपॉझिटरी नीटनेटकी दिसते, रीडमी ही माहितीची फाइलही व्यवस्थित लिहिली आहे. कॉल एक दिवस पुढे ढकलता येईल का असे विचारले, तेव्हा ‘आणखी दोन उमेदवार रांगेत आहेत’ एवढेच उत्तर आले.

मार्चपासून हाताशी मोठे काम नाही, त्यामुळे नुसत्या संशयापायी संधी घालवायची इच्छा नाही. पण याच लॅपटॉपवर दोन क्लायंटच्या सर्व्हरच्या किल्ल्या आहेत, म्हणून मन धजत नाही. आपण काय कराल?

उत्तर १ (पुणे)

कृपया ती रिपॉझिटरी त्या लॅपटॉपवर चालवू नका. तुम्ही वर्णन केलेली पद्धत नवी नाही. पालो आल्टो नेटवर्क्सच्या युनिट ४२ या संशोधन गटाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘कंटेजस इंटरव्ह्यू’ या नावाने तिची नोंद केली आणि तिचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. नोकरी देणारा म्हणून भेटायचे, मुलाखतीच्या निमित्ताने उमेदवाराकडून नोडचा प्रकल्प चालवून घ्यायचा, आणि त्यात दडवलेल्या ‘बीव्हरटेल’ या कोडने ब्राउझरमधील क्रिप्टो वॉलेटची आणि साठवलेली इतर माहिती उचलायची, असा तो प्रकार आहे. मागोमाग ‘इनव्हिजिबलफेरेट’ हा पायथॉनमधील दुसरा भाग उतरतो आणि संगणकाचा ताबा दूर बसलेल्या माणसाकडे जातो.

मी स्वतः यात सापडलो आहे. चाळीस मिनिटांच्या कॉलमध्ये समोरच्याने माझ्या कोडबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. ‘सर्व्हर सुरू झाला का?’ हे मात्र तीनदा विचारले. रात्री शंका आली म्हणून प्रकल्पातील एक साधी कॉन्फिग (सेटिंगची) फाइल उघडली. ओळी नेहमीच्याच होत्या, पण खालची आडवी स्क्रोलपट्टी काडीएवढी बारीक झालेली दिसली. ती उजवीकडे ओढत नेली, तेव्हा शेकडो रिकाम्या जागा ओलांडल्यावर अगम्य अक्षरांची एक लांबलचक माळ सुरू झाली. तोवर उशीर झाला होता. माझ्या दोन क्लायंटना मी फोन करून खरे ते सांगितले. एकाने काम काढून घेतले, आणि त्याबद्दल मी त्याला दोष देऊ शकत नाही.

तेव्हापासून मी एवढेच पाहतो की समोरच्याला माझा कोड वाचायचा आहे, की त्याचा कोड माझ्या यंत्रावर चालायला हवा आहे. ‘मी दुरुस्तीचा पॅच (फक्त बदललेल्या ओळी) पाठवतो’ किंवा ‘क्लाउडवरील तात्पुरत्या यंत्रावर चालवून दाखवतो’ असे सुचवून पाहा. खऱ्या टीमला त्यात अडचण वाटण्याचे कारण नाही.

उत्तर २ (बंगळुरू)

वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र ‘आधी वाचून पाहतो, मग चालवतो’ यावरही विसंबू नये. व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये फोल्डर उघडताना ‘या लेखकांवर विश्वास आहे का’ असे विचारले जाते आणि आपण सवयीने होकार देतो, त्यानंतर ‘.व्हीएसकोड’ या लपलेल्या फोल्डरातील टास्क्स.जेसन ही फाइल, फोल्डर उघडताक्षणी आज्ञा चालवण्यासाठी लिहिलेली असू शकते. पॅकेज.जेसनमधील ‘पोस्टइन्स्टॉल’ आणि ‘प्रिपेअर’ या नोंदी ‘एनपीएम इन्स्टॉल’ या आज्ञेने प्रकल्पाची पॅकेजेस बसवतानाच चालतात. त्या रोखण्यासाठी ‘इग्नोर-स्क्रिप्ट्स’ हा पर्याय आहे, पण सर्व्हरच्या फाइलमध्ये दडवलेला कोड सर्व्हर सुरू करताच चालतो, त्याला हा पर्याय अडवत नाही.

सर्वांत फसवा प्रकार असा की रिपॉझिटरीत घातक कोड नसतोच. प्रोग्रॅम सुरू होताना बाहेरच्या पत्त्यावरून ‘सेटिंग’ मागवतो आणि आलेले उत्तर कोड म्हणून चालवतो, तेही एरर हाताळणाऱ्या फंक्शनच्या आड. म्हणून वेगळे व्हर्च्युअल यंत्रच (संगणकाच्या आत चालणारा वेगळा आभासी संगणक) वापरावे: त्यात सामायिक फोल्डर नको, स्वतःच्या खात्याने लॉगिन केलेला ब्राउझर नको आणि काम झाले की ते पुसून टाकावे. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात) स्वतःचे होम फोल्डर जोडून दिले, तर त्या वेगळेपणाला अर्थ उरत नाही.

उत्तर ३ (मुंबई)

मी तांत्रिक भरतीचे काम करते, म्हणून दुसरी बाजू मांडते. ईमेल जीमेलचा आहे किंवा कंपनीचे संकेतस्थळ अपुरे आहे, एवढ्यावरून कोणाला खोटे ठरवू नका. नुकतीच कंपनी सुरू केलेले संस्थापक असेही काम करतात. मात्र कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेल्या पत्त्यावर स्वतंत्र ईमेल पाठवून ‘ही व्यक्ती आपल्याकडे आहे का’ असे जरूर विचारा. खऱ्या रिक्रूटरला याचा राग येत नाही, आणि ज्याला येतो त्याच्याशी पुढे बोलण्याची गरज नाही. मुलाखतीच्या संकेतस्थळावर ‘कॅमेरा चालत नाही, ही आज्ञा टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) चिकटवा’ असे दिसले, तर ते संकेतस्थळ तिथेच बंद करावे. लॅपटॉपची अनामत मागणाऱ्यांना पैसे देऊ नयेत, आणि दोन-तीन दिवस लागणारी ‘चाचणी’ असेल तर तिचे मानधन आधी ठरवून घ्यावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. क्लाउडवर चालवू का, असे विचारले; ‘तिथे वॉलेट चालत नाही, स्वतःचेच यंत्र हवे’ असे उत्तर आले. मग रिपॉझिटरी ब्राउझरमध्येच वाचली. टास्क्स.जेसनमध्ये फोल्डर उघडताच अनोळखी पत्त्यावरून फाइल आणून चालवणारी ओळ सापडली. कंपनीनेही अशी व्यक्ती आपल्याकडे नसल्याचे कळवले. मी रिपॉझिटरी क्लोन केली (लॅपटॉपवर उतरवून घेतली) होती, पण एडिटरमध्ये उघडली नव्हती. आता काय करावे?

उत्तर २ (बंगळुरू)

गिट अद्ययावत असेल, तर केवळ क्लोन केल्याने सहसा काही चालत नाही. एडिटरमध्ये न उघडता फोल्डर पुसून टाका आणि रिपॉझिटरीची तक्रार नोंदवा. वाचणाऱ्यांपैकी कोणी असे काही आधीच चालवले असेल, तर प्रथम इंटरनेट तोडावे आणि दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलावेत. सोबतच सर्व खात्यांतील चालू सत्रे बंद करावीत, कारण चोरलेल्या कुकीला (ब्राउझरने जपलेल्या लॉगिनच्या खुणेला) ओटीपी अडवत नाही. एसएसएच किल्ल्या (सर्व्हरवर लॉगिनच्या) आणि टोकन रद्द करून नवे घ्यावेत, वॉलेटमधील रक्कम नव्या वॉलेटमध्ये हलवावी आणि ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवावी. पैसे गेले असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर त्याच दिवशी फोन करावा.