मदत हवी आहे: आईचा विग घरी धुतला आणि मागचे केस गुंतले

आईच्या चार केमो झाल्या, दोन राहिल्यात. पहिल्या केमोनंतर तिसऱ्या आठवड्यात केस गेले, तेव्हा विग घेतला. खांद्यापर्यंत, मधोमध भांग, थेट तिच्या केसांसारखा. तो घातल्याशिवाय ती दारात आलेल्या भाजीवाल्यासमोरही जात नाही.

उन्हाळ्यात घामाने आतल्या जाळीला वास यायला लागला, म्हणून परवा मी तो धुतला. आपण डोक्यावरून नाहतो तसाच. कडक पाण्यात शाम्पू घालून चोळला, पिळला आणि पालथ्या कळशीवर उन्हात वाळत घातला. आता मानेजवळच्या केसांचा नारळाच्या शेंडीसारखा पुंजका झालाय. फणी दोन बोटं सरकते की अडकते, जोर लावला की जाळीतून केस सुटून येतात. कुबट वास आहे तो आहेच. पुढच्या बटांची टोकंही आखडून खरखरीत झालीत, पण ती धुण्याआधीपासूनच तशी होती.

दुकानदाराने खऱ्या केसांचा म्हणून दिला होता. डब्यावर काहीच लिहिलेलं नाही. रविवारी भाच्याचं केळवण आहे. आई मला एका शब्दाने बोलली नाही, नुसती विग मांडीवर घेऊन बोटांनी केस सोडवत बसली. मला ते बघवत नाही. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १
ताई, आधी विग कशाचा आहे ते बघा. आतल्या बाजूचा एक केस कापून चिमट्यात धरा आणि जाळा. खरा केस असेल तर केस जळाल्याचा ओळखीचा वास येतो, राख बोटाने चुरते. कृत्रिम धागा वितळतो, टोकाला कडक गोळी राहते.

आई विग घालून गॅसपाशी उभ्या राहतात का? कृत्रिम धागा कुकरच्या वाफेनेही आखडतो. कडक पाण्याने आणि चोळण्याने गुंता झाला असणार.

माझ्या केमोच्या वेळी मी करायचे ते सांगते. पाण्यात थोडं कंडिशनर मिसळून पुंजक्यावर फवारा. गुंत्याच्या वर केस मुठीत घट्ट धरा, म्हणजे जाळीवर ताण येत नाही. मग रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून सोडवत वर या, एका वेळी बोटभरच. गुंता सुटल्यावरच धुवा: गार पाणी, चमचाभर सौम्य शाम्पू, पाच मिनिटं नुसता बुडवून ठेवायचा. जाळी आतून बोटांनी हलकेच साफ करा, घाम तिथेच मुरतो. टॉवेलात दाबून पाणी टिपा, पिळू नका. कळशीवर जाळीला आतून वारा लागत नाही, म्हणून तो वास. उंच बाटलीच्या तोंडावर अडकवून सावलीत, पंख्याखाली ठेवा.

धागाकर्ती
जाळून पाहिला. गोळीच झाली. आणि हो, भाकऱ्या करतानाही आईच्या डोक्यावर तो असतोच.

प्रतिसाद २
आखडलेली टोकं पूर्ववत होत नाहीत, अर्धा इंच कापून टाका. स्वयंपाकघरात विग काढून सुती रुमाल बांधू दे त्यांना. आणि विगखाली पातळ सुती टोपी घालायला द्या. जुन्या मऊ साडीची शिवली तरी चालेल. केमोत टाळू फार हळवी होते, तिला जाळी टोचत नाही, घामही टोपीतच राहतो. विग रोज धुवायची गरज नाही, टोपी मात्र रोज धुवा.

धागाकर्ती
दोघींचेही मनापासून आभार. दोन तास बसून अर्धा पुंजका सुटला. उरलेला आई सोडवतेय. टोपीसाठी तिने स्वतःच ट्रंकेतून आजीचं नऊवारी काढलंय.