टॅबवरच्या ॲपचा डेमो व्हिडिओ पाच हजारांत कसा करावा?

फैजपूरची_लेक
राम राम मंडळी. भावाने आणि मी मिळून केळीबागेच्या नोंदींचं ॲप केलंय, अँड्रॉइड टॅबसाठी. लागवडीची तारीख, ड्रिपमधून सोडलेली खतं, करप्याच्या फवारण्या, कापलेल्या घडांचं वजन, सगळं गट नंबरप्रमाणे. नेट नसलं तरी चालतं. आता रावेर-यावल भागातल्या शेतकरी कंपन्यांना दाखवायला दोनेक मिनिटांचा व्हिडिओ हवाय. जळगावात एके ठिकाणी चौकशी केली, त्या पैशांत दोन टॅब आले असते. आमच्याकडे फार तर पाच हजार आहेत. मोबाईलने टॅबचं शूटिंग केलं, तर काचेत पंखा दिसतो आणि पडद्यावर काळे पट्टे सरकतात. शिवाय वडील म्हणाले, "यात शेत कुठंय? मी काय पाहू?" ते मला पटलं. कुठून सुरुवात करू?

धुळेकर_शूटिंगवाला
ताई, माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा, पण दुकानदारांसाठी असे छोटे व्हिडिओही करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पडदा कॅमेऱ्याने टिपायचाच नाही. अँड्रॉइड 11 पासून स्क्रीन रेकॉर्डर आतच असतो, वरची पट्टी खाली ओढली की सापडतो. टॅब जुना असेल तर 'एससीआरसीपीवाय' (scrcpy) हे फुकटचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घ्या, यूएसबीने टॅब जोडा, रेकॉर्डिंग थेट लॅपटॉपमध्ये होतं. त्याआधी डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'शो टॅप्स' चालू करा. बोट टेकेल तिथे ठिपका उमटतो. तो नसला तर पानं आपोआप बदलल्यासारखी वाटतात आणि बघणाऱ्याला काही कळत नाही. डू नॉट डिस्टर्ब लावायला विसरू नका.

आता वडिलांचं म्हणणं. ते शंभर टक्के बरोबर आहे. बागेतले चार-पाच शॉट हवेतच: हातात टॅब, काट्यावर घड, आकडा भरणारं बोट. हे सकाळी लवकर, केळीच्या सावलीत घ्या. पट्टे येतात ते पडद्याचा वेग आणि कॅमेऱ्याचं शटर जुळत नाही म्हणून. बहुतेक टॅबचा पडदा सेकंदाला 60 वेळा बदलतो, तेव्हा मोबाईलच्या प्रो मोडमध्ये शटर 1/60 ठेवा आणि टॅबचा ब्राइटनेस पूर्ण करा. घरात ट्यूबखाली मात्र हे जमत नाही, आपली वीज 50 हर्ट्झची, दिव्याची फडफड वेगळी येते. काचेतलं प्रतिबिंब घालवायला टॅब जरा तिरका धरा आणि कॅमेऱ्यामागे कुणाला तरी काळी चादर धरून उभं करा.

आवाजासाठी स्टुडिओ नको. वडिलांनाच बोलू द्या, तुमच्या लेवा बोलीत. रावेरचा बागायतदार पुस्तकी आवाज ऐकून पुढे सरकवेल, पण "माह्या बागात" ऐकलं की थांबेल. वायरचा कॉलर माइक हजाराच्या आत येतो. दार-खिडक्या लावा, पंखा बंद, खोलीत गोधड्या पसरा म्हणजे आवाज घुमत नाही. खर्च तिथेच करा, बाकी काही विकत घेऊ नका.

नंदुरबार_गुरुजी
मी झेडपी शाळेत टॅबवर शिकवतो. ताई, एक लक्षात घ्या: तुमचा व्हिडिओ लोक टॅबवर नाही, मोबाईलवर बघणार. टॅबची अक्षरं तिथे मुंगीएवढी होतात. एडिटिंगमध्ये जो रकाना भरताय, तेवढाच भाग मोठा करा. आणि खऱ्या शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, मोबाईल नंबर पडद्यावर नको. खोट्या नोंदींची एक वेगळी बाग भरून ठेवा.

फैजपूरची_लेक
गुरुजी, हे डोक्यातच नव्हतं, आजच तशी बाग भरते. दादा, लॅपटॉप साधाच आहे, एडिटिंग कशात करू? आणि हाच व्हिडिओ प्ले स्टोअरवर चालेल का?

धुळेकर_शूटिंगवाला
शॉटकटमध्ये करा, फुकट आहे आणि दाविंची रिझॉल्व्हपेक्षा हलकं. स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) येतात ते कमी-जास्त होत असतं, त्यामुळे पुढे आवाज आणि चित्र जुळत नाही. शॉटकट फाइल बदलून घ्यायचं विचारेल, तेव्हा हो म्हणा.

प्ले स्टोअरला यूट्यूबची लिंक द्यावी लागते. व्हिडिओ आडवा, पब्लिक किंवा अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसणारा), जाहिराती बंद. आपोआप सुरू झाला तर पहिली 30 सेकंदंच दिसतात, म्हणून लोगो-संगीतात ती घालवू नका. काट्यावरचा घड आणि भरलेला आकडा आधी दाखवा, नाव शेवटी.

कंपन्यांना व्हॉट्सॲपवर पाठवाल, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून जोडा. एरवी फाइल दाबली जाते आणि नेमकी आकड्यांची अक्षरं पुसट होतात.