ध्यान : रोज दहा मिनिटं घरी, की आधी दहा दिवस इगतपुरी?

सातपूरचा_शिफ्टवाला

नाशकात कुणालाही म्हणा की मला ध्यान सुरू करायचंय, उत्तर ठरलेलं, "इगतपुरीला जाऊन ये दहा दिवस," म्हणजे तिथल्या धम्मगिरी केंद्रातलं विपश्यनेचं शिबिर. मी चार वर्षं हे ऐकलं आणि चार वर्षं दिवाळी झाली की जाऊ, मार्च एन्ड संपला की जाऊ असं करत राहिलो, कारण कंपनीत सलग दहा दिवस रजा मिळणं म्हणजे काय ते शिफ्टवाल्यांनाच माहीत. त्या चार वर्षांत एक दिवससुद्धा डोळे मिटून बसलो नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये घरीच सुरू केलं. दहा मिनिटं, श्वासावर लक्ष, बास. आधी पहाटे पाचचा अलार्म लावायचो, ते पंधरा दिवसांत बारगळलं कारण माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते. मग घड्याळ सोडलं आणि ध्यान आंघोळीला बांधलं. आंघोळ झाली की चहाच्या आधी बसायचं, मग ती आंघोळ पहाटे साडेपाचला असो नाहीतर नाईट करून आल्यावर सकाळी आठला. तेव्हापासून टिकलंय.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सवयींवर एक अभ्यास झाला होता, २०१० साली छापून आला, ९६ लोक होते. नवी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४, आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही असंही त्यात निघालं. माझं म्हणणं सरळ आहे, शिबिराची वाट बघू नका, आजपासून बसा. वेगळं मत असेल तर मांडा.

तीनदा_धम्मगिरी

दादा, तुमची तळमळ पोचली पण मला हे अजिबात पटत नाही. पहिलं म्हणजे त्या लंडनच्या अभ्यासात लोकांनी घेतलेल्या सवयी होत्या जेवणासोबत पाणी पिणं, फळ खाणं, थोडं धावणं असल्या. मनात खोल उतरणं आणि ग्लासभर पाणी पिणं एकच कसं?

दहा दिवसांत काय होतं ते सांगते. पहाटे चारला घंटा, दिवसाला दहा तासांच्या वर बसणं, फोन नाही, वही-पेन नाही, दहाव्या दिवसापर्यंत इतर साधकांशी एक शब्द नाही. पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांपाशी येणारा जाणारा श्वास, विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना नुसत्या बघत राहणं, शिकवतात ती चौथ्या दिवशी. दुसऱ्या रात्री मी बॅग भरून बसले होते. डावा गुडघा असा ठणकत होता की आता काहीतरी तुटणार. पाचव्या दिवशी तोच गुडघा, तीच कळ, पण मी बघत राहिले आणि लक्षात आलं की ती एकसंध कळ नाहीये, आत काहीतरी धडधडतंय, मग जरा गरम, मग मुंग्या, मग मधेच काहीच नाही. हलवावंसं वाटलं आणि हलवला नाही. हे मला दहा मिनिटांत कधीच कळलं नसतं. दहा मिनिटांत मन नुसतं किराणा, ईएमआय, मुलाची फी एवढंच फिरून येतं आणि शांत व्हायला लागतं तेवढ्यात तुमचा टायमर वाजतो.

आणि पैशाचं म्हणाल तर राहणं जेवण सगळं आधीच्या साधकांच्या दानावर चालतं, फी नाही. ही विपश्यना शिकवणारे गोयंका गुरुजी १९६९ ला ब्रह्मदेशातून आले आणि १९७६ पासून हे केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे. जगभरातून लोक इथे येतात आणि आपण रजेचं कारण सांगायचं?

सातपूरचा_शिफ्टवाला

ताई, गुडघ्याचं वाचून खरंच थांबलो. एकच विचारतो, राग मानू नका. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात ना, ते किती दिवस चाललं?

तीनदा_धम्मगिरी

पहिल्या वेळी तीन आठवडे. खोटं कशाला बोलू. आता सकाळचा तास होतो, संध्याकाळचा नाही होत, आणि रविवारी आम्ही पाच-सहा जण एकत्र बसतो त्याच्या जोरावर आठवडा निघतो. पण तीन आठवडेच टिकलं म्हणून ते दहा दिवस वाया गेले असं मी कधीच म्हणणार नाही.

निफाडचा_बागायतदार

ऑक्टोबर छाटणी झाली की आमचं घड्याळ द्राक्षबाग ठरवते. डाऊनी रोगाची भीती असली की फवारणी कधी करायची ते दव आणि पाऊस सांगणार. एका वर्षी अवकाळीने मणी तडकले, तेव्हा डोळे मिटले की तडकलेले घडच समोर यायचे, बसणं अशक्य झालं. तेव्हापासून दोन ओळींमधून अनवाणी चालतो, डोळे उघडे, पावलावर लक्ष. बसलं तरच ध्यान असं कुणी ठरवलं? तुम्ही दोघं बसण्यावरच अडलात.

इंदिरानगर_वाचक

एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये. माझी धाकटी बहीण आमचे वडील गेल्यावर मोबाईलवरच्या अ‍ॅपने रोज चाळीस मिनिटं बसायला लागली. महिन्याभरात झोप उडाली, डोळे मिटले की छाती धडधडायची, आणि ती समजत होती की आपलंच चुकतंय म्हणून आणखी बसायची. डॉक्टरांनी काही दिवस पूर्ण बंद करायला सांगितलं, औषध दिलं, आता ती बरी आहे, पाच मिनिटं डोळे उघडे ठेवून बसते. इगतपुरीच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल आधी विचारतात आणि गंभीर त्रास असेल तर येऊ नका असंही सांगतात. तिच्या अ‍ॅपने काहीच विचारलं नव्हतं. शिफ्टवाले दादा, "आजपासून बसा" हे सगळ्यांना सरसकट सांगू नका. कुणाला असं होत असेल तर टेली मानस ही मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे.

सातपूरचा_शिफ्टवाला

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मान्य. विचारायला एक जाणता माणूस पाहिजे. "आजपासून बसा" हे वाक्य मागे घेतो.

गोवर्धनकर

मी रिटायर्ड माणूस, नाशिकची पांडवलेणी, म्हणजे डोंगरात कोरलेली जुनी बौद्ध लेणी, दर पंधरवड्याला चढतो. तिथली मोठी विहारं नीट बघा, मधे प्रशस्त दालन आणि तिन्ही बाजूंनी एकेका भिक्षूच्या खोल्या, सगळ्यांची दारं त्या एकाच दालनात उघडतात. एकट्याने बसायचं आणि बाहेर आलं की सोबत, दोन्ही एका खडकात. तेव्हा घर की शिबिर हा वाद मला जरा अर्धवट वाटतो.

पण खरी गोष्ट दहा नंबरच्या लेण्यात आहे. क्षत्रप राजा नहपान, त्याचा जावई उषवदात, त्याचा शिलालेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमचे ठेवले, दोन हजार एकीकडे, एक हजार दुसरीकडे. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं, आणि त्यातून वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात एकाच जागी, राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. म्हणजे वर लेण्यात कुणीतरी शांत बसलेलं होतं तेव्हा खाली माझ्या गावात कुणीतरी मागावर बसून त्या पैशाचं व्याज फेडत होतं. साधना टिकते कशी असं विचारताना आपण जिद्द, सवय, गुरू एवढंच मोजतो. तो वेळ कुणी दिला हे मोजतच नाही.

दोन_लेकरांची_आई

काका, तुमचा हा प्रतिसाद मी तीनदा वाचला.

शिफ्टवाले दादा, आंघोळ ते चहा ही दहा मिनिटं तुम्ही बसता तेव्हा गॅसपाशी कोण असतं? दूध, डबे, मुलांची दप्तरं? माझ्याकडे मी असते. नवरा डोळे मिटून बसतो, मी कुकरची शिट्टी वाजू नये म्हणून गॅस बारीक करते. मला बसायचंय हो, मनापासून बसायचंय, पण मी ज्याला बांधून घेऊ अशी माझी आंघोळसुद्धा सलग होत नाही, दारावर थाप पडतेच. ६६ दिवस सोडा, सहा दिवस कुणी मला द्या. आणि इगतपुरीचे दहा दिवस तर माझ्यासाठी लग्नकार्यापेक्षा मोठी तयारी आहे.

तीनदा_धम्मगिरी

ताई, हे अगदी खरं. मी तिन्ही वेळा गेले ते सासूबाईंनी घर ओढलं म्हणून. मी इथे गुडघ्याचं सांगितलं, त्यांचं नाव काढलं नाही.

सातपूरचा_शिफ्टवाला

उत्तर द्यायला दोन दिवस लावले कारण आधी घरी विचारलं. गॅसपाशी बायको असते. वर्षभर मी तिला कधी विचारलंच नव्हतं. तुला पण ध्यान करायचंय का, मी डबे करतो, असं म्हटलं. ती म्हणाली, "ध्यान नको मला. गॅलरीत खुर्ची टाकून वीस मिनिटं बसायचंय आणि तेवढ्यात कुणी हाक मारायची नाही."

आज पहिला दिवस. चपात्या मी केल्या, दोन करपल्या. घंटागाडी आली तेव्हा ती उठायला लागली, मी म्हटलं बस, मी जातो खाली.