यॉर्कच्या एबर मीटिंगसाठी घोडा निवडायचा कसा? सल्ला हवा आहे

धागालेखक (लीड्स)

नमस्कार. मी गेली तीन वर्षे लीड्समध्ये राहतो. लहानपणी बाबांचे बोट धरून पुण्याच्या रेसकोर्सवर जात असे. पॅडॉकच्या (रेसआधी घोडे फिरवतात त्या आवाराच्या) कठड्याशी उभे राहून घोडे पाहायची सवय तेव्हाच लागली. यंदा ऑगस्टमध्ये यॉर्कची एबर मीटिंग, म्हणजे चार दिवसांचा घोड्यांच्या शर्यतींचा मेळावा, प्रत्यक्ष पाहायची, आणि तीही नीट अभ्यास करून पाहायची, असे ठरवले आहे.

अडचण अशी आहे की, पुण्या-मुंबईत तेच घोडे, तेच ट्रेनर आणि तेच दोन कोर्स वर्षभर डोळ्यांसमोर असतात. येथे मात्र देशभर साठच्या आसपास रेसकोर्स आहेत, प्रत्येकाचा आकार, चढ-उतार आणि गवत निराळे आहे, आणि एका रेसमध्ये धावणारे वीस घोडे वीस वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले असतात. मागच्या वर्षी मी एका सल्लासेवेची वर्गणी भरली होती, परंतु तेथून केवळ घोड्याचे नाव मिळत असे, त्यामागचे कारण कधीच मिळत नसे. मला कारण शिकायचे आहे. रेसकार्ड (दिवसाच्या रेसेस आणि त्यांतल्या घोड्यांची यादी) हाती आल्यावर पहिल्यांदा काय पाहावे, कोणते घोडे कशामुळे बाजूला सारावेत, आणि चारपैकी कोणत्या दिवशी जावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (यॉर्कशायर, तीस वर्षांपासून वास्तव्य)

आपण कारण मागितलेत याचा मनापासून आनंद झाला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझे पहिले सांगणे हे की, सर्वांत चांगला घोडा कोणता, हा प्रश्न सुरुवातीला विचारूच नये. ही रेस कोणत्या प्रकारच्या घोड्याला मानवणारी आहे, हे आधी ठरवावे आणि मग त्या वर्णनात बसणारे घोडे शोधावेत. यॉर्कचा कोर्स डावीकडे वळणारा, सपाट, रुंद आणि लांब सरळ रस्त्याचा आहे. एप्समच्या कोर्सवर टॅटनहॅम कॉर्नर या वळणाकडे उतरताना घोड्याचा तोल जातो, चेस्टरला जेमतेम मैलभराच्या वर्तुळात सतत वळावे लागते. तसले काही यॉर्कला नाही. त्यामुळे लांब टापांचा मोठा घोडा तेथे मोकळा धावू शकतो, आणि चेस्टरला आतल्या बाजूच्या स्टॉलमुळे (रेस सुटते त्या कप्प्यामुळे) जिंकलेला घोडा यॉर्कला तेवढाच चांगला ठरेल असे मुळीच नाही. मागील निकाल वाचताना तो कोणत्या कोर्सवरचा आहे हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो.

दुसरी गोष्ट जमिनीची. येथे तिला ‘गोइंग’ म्हणतात आणि ती फर्म, गुड टू फर्म, गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट, हेवी अशी उतरत जाते. यॉर्कचा नेव्हजमायर हा मूळचा सखल, चिकणमातीचा माळ आहे, म्हणून एका रात्रीच्या जोरदार पावसाने तेथे सगळा हिशेब बदलतो. पुण्यात पावसाळी सीझन पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. घोड्याच्या जुन्या धावांपैकी ज्या धावा त्याच दर्जाच्या जमिनीवर झाल्या, त्यांना दुप्पट वजन द्यावे, आणि ज्याने ओल्या जमिनीवर कधीच पाऊल टाकलेले नाही अशा लहान वयाच्या घोड्याच्या बाबतीत त्याच्या बापाची इतर पिल्ले ओल्यात कशी धावतात, ते पाहावे.

तिसरी गोष्ट रेसच्या वेगाची आहे, आणि नवख्या माणसाच्या हातून नेमकी हीच निसटते. १९७२ साली यॉर्कला एक नवी मोठी रेस सुरू झाली, तीच आजची इंटरनॅशनल स्टेक्स. तोवर एकदाही न हरलेला ब्रिगेडियर जेरार्ड तिच्यात फेव्हरिट, म्हणजे जिंकेल अशी सर्वाधिक अपेक्षा असलेला घोडा होता. त्याच वर्षीचा डर्बी विजेता रोबर्टो याच्यावर ब्राउलिओ बाएझा हा अमेरिकेतून आणलेला जॉकी होता. त्याने घोडा पुढे नेऊन असा वेग धरला की ब्रिगेडियर जेरार्डला तो शेवटपर्यंत सापडला नाही. अठरा रेसेसमधला ब्रिगेडियर जेरार्डचा तो एकमेव पराभव होय. २०१५ साली याच रेसमध्ये तोवर अपराजित असलेला डर्बी विजेता गोल्डन हॉर्न ५०/१ भावाच्या (एक पौंड लावल्यास पन्नास सुटतील अशा) अरेबियन क्वीनकडून हरला. तेव्हा कार्ड वाचताना कागदावर एक साधी खूण करावी: कोणता घोडा पुढे धावतो, कोणता मधे आणि कोणता मागून येतो. पुढे धावणारा एकच घोडा असेल तर त्याला रेस स्वतःच्या चालीने चालवता येते. असे चार घोडे असतील तर ते एकमेकांना दमवतात आणि मागून येणाऱ्याला वाट मिळते.

प्रतिसाद २ (पुणे)

वरील प्रतिसाद अतिशय उपयुक्त आहे, परंतु एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. त्याच कोर्सवर हरलेला घोडा बाजूला सारावा, असा निष्कर्ष कोणी त्यातून काढू नये. बॅटॅश हा विलक्षण वेगाचा घोडा २०१७ आणि २०१८ साली यॉर्कच्या नन्थॉर्प स्टेक्समध्ये, म्हणजे पाच फर्लांगांच्या (फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग) सरळ धावेत, दोन्ही वेळा चौथा आला. यॉर्क त्याला मानवत नाही, असे तेव्हा बहुतेकांचे मत झाले होते. २०१९ मध्ये त्याने तीच रेस ५५.९० सेकंदांत जिंकली आणि डेजर या घोड्याने १९९० साली नोंदवलेला विक्रम मोडला. २०२० मध्येही तोच जिंकला. हरण्याचे कारण कोर्समध्ये होते की घोड्याच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीत होते, हे वेगळे करता आले पाहिजे. रेसआधी घामाघूम होऊन शक्ती घालवणारा घोडा पुढच्या वर्षी शांत झालेला असू शकतो, आणि ते पॅडॉकशिवाय दुसरीकडे कोठेही दिसत नाही. बाबांनी लावलेली ती सवय कृपया सोडू नका.

धागालेखक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एबर हँडिकॅप ही शनिवारची रेस पाहावी असे मनात आहे, परंतु हँडिकॅपमधली, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त भार ठेवणाऱ्या रेसमधली वजने पाहून गोंधळ होतो. सर्वांना समान संधी मिळावी म्हणूनच वजने दिलेली असतील, तर मग त्यात निवड करायला आधार काय उरतो?

प्रतिसाद १ (यॉर्कशायर)

प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा आहे. प्रत्येक घोड्याला ब्रिटिश हॉर्सरेसिंग ऑथॉरिटीचे हँडिकॅपर एक अधिकृत रेटिंग देतात. रेटिंगचा एक अंक म्हणजे एक पौंड वजन, आणि चौदा पौंडांचा एक स्टोन. ९५ रेटिंगचा घोडा ९० वाल्यापेक्षा पाच पौंड जास्त घेऊन धावतो. साधारणपणे पाच फर्लांगांत एका लेंग्थला (घोड्याच्या एका देहाच्या लांबीला) तीन पौंड आणि एक मैलात सुमारे दोन पौंड असा हिशेब धरला जातो, आणि अंतर जसे वाढते तसे एका लेंग्थचे मोल कमी होते.

परंतु रेटिंग हे घोड्याने आजवर काय केले त्याचे मोजमाप आहे, तो उद्या काय करू शकेल याचे नाही. आपली निवड या फटीतच बसते. आतापर्यंत दहा-बारा फर्लांग धावलेला, दर वेळी शेवटच्या फर्लांगात जोर वाढवणारा आणि वंशाने दमदार असलेला चार वर्षांचा घोडा पहिल्यांदाच एबरच्या चौदा फर्लांगांवर येत असेल, तर त्याचे रेटिंग आखूड अंतरावर ठरलेले असते आणि त्याची खरी ताकद हँडिकॅपरने अजून पाहिलेलीच नसते. याउलट, सात वर्षांचा, त्याच अंतरावर तीस वेळा धावलेला प्रामाणिक घोडा कितीही आवडला तरी त्याचे माप पुरते घेतले गेलेले असते.

आणखी एक बाब अशी की, एबरची वजने रेसच्या बऱ्याच आधी जाहीर होतात, तर रेटिंग दर मंगळवारी नव्याने येते. मधल्या काळात जिंकलेल्या घोड्यावर ठरावीक वजनाची पेनल्टी चढते. समजा पेनल्टी चार पौंडांची आहे आणि त्या विजयानंतर हँडिकॅपरने रेटिंग सात अंकांनी वाढवले, तर तो घोडा एबरमध्ये तीन पौंड हलका धावतो. अशा घोड्याला येथील लोक ‘वेल इन’ म्हणतात. अर्थात हे सर्वांनाच दिसत असल्यामुळे त्याचा भावही तितकाच खाली आलेला असतो.

वयाच्या सवलतीकडेही लक्ष असू द्यावे. हँडिकॅप नसलेल्या रेसेसमध्ये लहान घोड्याला मोठ्यापेक्षा कमी वजन मिळते, आणि नन्थॉर्पमध्ये दोन वर्षांच्या शिंगराला मिळणारी सवलत दीड स्टोनाहून अधिक असते. २००७ साली किंग्सगेट नेटिव्ह हा दोन वर्षांचा, तोवर एकही रेस न जिंकलेला घोडा नन्थॉर्प जिंकून गेला, तो याच सवलतीच्या बळावर.

प्रतिसाद ३ (लंडन)

घोडा कसा निवडावा यावर उत्तम लिहिले गेले आहे. मी फक्त भावाविषयी लिहितो, कारण त्याशिवाय निवड पुरी होत नाही. २०१२ साली फ्रँकेल यॉर्कला पहिल्यांदाच मैलापलीकडे, सव्वा मैलाहून थोडे जास्त अंतर धावला आणि सात लेंग्थने जिंकला. त्याचा भाव १/१० होता, म्हणजे दहा पौंड लावणाऱ्याला एक पौंड सुटला. तो दिवस डोळे भरून पाहण्याचा होता, पैसे लावण्याचा नव्हता.

५/१ भाव म्हणजे सहांत एक संधी, ११/४ म्हणजे पंधरांत चार. आपल्या अभ्यासाने घोड्याची संधी त्याहून स्पष्टपणे जास्त वाटत असेल तरच तो घ्यावा, आणि हे स्वतःचे उत्तर भाव पाहण्याआधी कागदावर लिहून ठेवावे, कारण भाव एकदा पाहिला की मन त्याच्याशी जुळवून घेते. फेव्हरिट साधारणपणे तीनांत एकदा जिंकतो. वीस घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये ते प्रमाण आणखी खाली येते, म्हणून तेथे ‘ईच वे’, म्हणजे अर्धे पैसे जिंकण्यावर आणि अर्धे पहिल्या काही क्रमांकांत येण्यावर, लावण्यात अर्थ असतो. सोळा किंवा अधिक घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये नेहमीच्या नियमाने पहिल्या चार क्रमांकांना एकचतुर्थांश भाव मिळतो. २०/१ च्या घोड्यावर पाच पौंड ईच वे लावले तर खर्च दहा पौंड होतो, आणि घोडा चौथा आला तरी तीस पौंड परत येतात. बुधवारच्या इंटरनॅशनलसारख्या सात-आठ घोड्यांच्या रेसमध्ये मात्र हा मार्ग सहसा परवडत नाही.

चार दिवसांसाठी एक ठरावीक रक्कम घरूनच वेगळी काढून न्यावी आणि ती संपली की उरलेल्या रेसेस नुसत्या पाहाव्यात. दिवसाच्या सातही रेसेसवर मत असलेच पाहिजे असे नाही. मी स्वतः दिवसाला दोनच रेसेस नीट अभ्यासतो.

प्रतिसाद २ (पुणे)

कोणत्या दिवशी जावे, याचे उत्तर राहून गेले आहे. घोड्यांचा दर्जा पाहायचा असेल तर बुधवारी इंटरनॅशनल आहे. अभ्यासाची कसोटी पाहायची असेल तर शनिवारी एबर आहे. शुक्रवारची नन्थॉर्प मिनिटभरात संपते, पण ते मिनिट मी टीव्हीवर पाहूनही कधी विसरलेलो नाही.

धागालेखक

बुधवार आणि शनिवार अशी दोन दिवसांची तिकिटे आज काढली.

प्रतिसाद १ (यॉर्कशायर)

उत्तम निर्णय. फ्लॅट रेसेसची (अडथळे नसलेल्या रेसेसची) अंतिम यादी ४८ तास आधी जाहीर होते, म्हणून एबरसाठी गुरुवारी सकाळी दहानंतरची यादी आणि ड्रॉ (कोणत्या घोड्याला कोणता स्टॉल ते) पाहून मगच बसावे. त्याआधी केलेला अभ्यास माघार घेतलेल्या घोड्यांवर वाया जातो. जमिनीचा अंदाज मात्र शनिवारी सकाळी पुन्हा पाहावा, आणि शुक्रवारी रात्री पाऊस झाला असेल तर यादी नव्याने तपासावी.

धागालेखक

तसेच करतो. गुरुवारी रात्री माझे तीन घोडे, प्रत्येकाचे कारण आणि मला योग्य वाटणारा भाव येथेच लिहीन. रेस होण्याआधी आपण तिघांनी त्यातल्या चुका दाखवाव्यात, ही विनंती.